खंडग्रास चंद्रग्रहण कुठून दिसतं, आणि त्यासाठी उठावं का?

प्रश्न साताऱ्याच्या एका ताईंचा आहे. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो फोनवर म्हणाला, "२७ ऑगस्टच्या रात्री आमच्याकडे चंद्रग्रहण आहे." घरातल्या कॅलेंडरात मात्र २८ ऑगस्ट २०२६ ही तारीख आहे आणि पुढे 'खंडग्रास, भारतात दिसणार नाही' असं छापलंय. एकच ग्रहण दोन तारखांना कसं? आपल्याकडून असं ग्रहण आता कधी दिसेल? आणि शेवटी त्यांनी विचारलंय, "खग्रास असेल तर समजू शकते, पण खंडग्रासासाठी झोपमोड करण्यात काही अर्थ आहे का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: आहे, भरपूर आहे. तीसेक वर्षं मुलांना आणि मोठ्यांना आकाश दाखवतोय, आणि शिकण्यासारखं सर्वांत जास्त काही खंडग्रासातच सापडतं असं माझं ठाम मत झालंय. खग्रासात चंद्र छायेत पूर्ण बुडतो, खंडग्रासात त्याचा काही भागच; पण खंडग्रासात शिकण्यासारखं जास्त का, हे पुढे सांगतो. आधी तारखांचा घोळ सोडवू.

सूर्यग्रहणात चंद्राची सावली पृथ्वीवरून धावत जाते, म्हणून ते गावागणिक वेगळ्या वेळी आणि वेगळ्या प्रमाणात दिसतं. चंद्रग्रहणात उलट असतं. तिथे पृथ्वीची सावली चंद्रावरच पडते. चंद्र काळवंडला की तो सगळ्यांसाठी एकाच क्षणी आणि सारखाच काळवंडतो. मांडवातला दिवा मंद केला तर मांडवात बसलेल्या प्रत्येकाला तो त्याच क्षणी मंद दिसतो. मांडवाबाहेर असलेल्याला दिवाच दिसत नसतो. चंद्रग्रहणाचं तसंच आहे. त्या वेळी चंद्र तुमच्या क्षितिजाच्या वर असेल तर दिसेल, नसेल तर नाही. यापलीकडे वेगळा नियम नाही.

२८ ऑगस्टच्या ग्रहणाचा स्पर्श, म्हणजे गडद छायेची चंद्राला पहिली शिवण, भारतीय वेळेनुसार सकाळी ८:०४ ला आहे. मध्य ९:४३ ला आणि मोक्ष, म्हणजे गडद छाया चंद्राला पूर्ण सोडते तो क्षण, ११:२२ ला. साताऱ्यात तेव्हा ऊन असेल, चंद्र केव्हाच मावळलेला असेल. न्यू जर्सीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तेच तीन क्षण तिथे २७ तारखेच्या रात्री १०:३४, मग मध्यरात्र उलटून १२:१३ आणि १:५२ असे येतात. म्हणजे मुलगाही बरोबर आणि कॅलेंडरही बरोबर. त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं दिसेल, आणि चंद्राचा ९३ टक्के व्यास छायेत गेलेला दिसेल. कॅलिफोर्नियात संध्याकाळी चंद्र उगवतो त्याच सुमारास ग्रहण लागत असेल. लंडनमध्ये पहाटे ते लागेल आणि सुटायच्या आत चंद्र मावळेल. दुबईत स्पर्शाच्या आधीच सूर्य उगवलेला असेल, त्यामुळे तिथल्या आपल्या लोकांना काहीच दिसणार नाही.

आपल्या गावातून दिसेल का, हे ताडण्यासाठी ॲपही लागत नाही. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्य मावळताना उगवतो आणि सूर्य उगवताना मावळतो. ग्रहणाची वेळ भारतीय वेळेत काढा. जागतिक वेळ दिलेली असेल तर तिच्यात साडेपाच तास मिळवा. स्पर्श आणि मोक्ष दोन्ही तुमच्या सूर्यास्त आणि सूर्योदयाच्या मधे पडले, तर पूर्ण ग्रहण दिसणार. दोन्ही दिवसा असतील तर काहीच नाही. आणि एक रात्री, एक दिवसा असं असेल तर अर्धंमुर्धं.

या अर्ध्यामुर्ध्यासाठी पंचांगात फार नेमके शब्द आहेत. ग्रहण लागलेल्या अवस्थेतच चंद्र उगवला तर ते ग्रस्तोदित, आणि ग्रहण सुटायच्या आत मावळला तर ग्रस्तास्त. ग्रस्तोदित ग्रहण असलं की विदर्भ नशीबवान ठरतो. नागपूर मुंबईच्या सुमारे सहा अंश पूर्वेला आहे, म्हणजे तिथे चंद्र जवळपास पंचवीस मिनिटं आधी उगवतो. ८ नोव्हेंबर २०२२ च्या त्रिपुरी पौर्णिमेला हे छान दिसलं. ग्रहण मुळात खग्रास होतं, पण खग्रास अवस्था सव्वापाचच्या आधीच संपली होती. मुंबईत सहाच्या सुमारास चंद्र उगवला आणि ६:१९ ला मोक्ष, म्हणजे हाती जेमतेम १८ मिनिटं. नागपूरकरांना मात्र पाऊण तास मिळाला. ३ मार्च २०२६ च्या होळी पौर्णिमेला पुन्हा तोच प्रकार. मोक्ष ६:४७ च्या सुमारास, त्यामुळे मुंबईत चंद्र वर येईपर्यंत खेळ संपतच आला होता, तर नागपुरात सुमारे पंचवीस मिनिटं शिल्लक होती. जगासाठी दोन्ही ग्रहणं खग्रास, महाराष्ट्रासाठी खंडग्रास. खंडग्रास ग्रहण दोन प्रकारांनी वाट्याला येतं हे म्हणून लक्षात ठेवा: कधी चंद्र छायेत पूर्ण शिरतच नाही, तर कधी शिरतो पण आपण उशिरा पोहोचतो.

उलट १९ नोव्हेंबर २०२१ चं उदाहरण. ते खंडग्रास ३ तास २८ मिनिटं चाललं, इतकं लांबलेलं खंडग्रास १४४० नंतर झालं नव्हतं. व्यासाचा ९७ टक्के भाग छायेत होता. पण मोक्ष भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाचारच्या सुमारास झाला. अरुणाचल आणि आसामच्या टोकाला चंद्रोदयी शेवटचा तुकडा मिळाला, आपल्याला काहीच नाही. त्या दिवशी संध्याकाळी कितीतरी जण गच्चीवर उभे होते आणि 'बातमीत तर शतकातलं सर्वांत मोठं म्हणाले' असं म्हणत परत खाली गेले. बातमीतला आकडा खरा होता. तो कुठल्या आकाशासाठी आहे, ते कुणी सांगितलं नव्हतं.

तारखेची आणखी एक चूक दर वेळी होते. कोजागरीचं ग्रहण आठवत असेल, २०२३ चं. स्पर्श रात्री १:०५ ला, मध्य १:४४ ला, मोक्ष २:२२ ला. कोजागरी २८ ऑक्टोबरला, पण या वेळा इंग्रजी तारखेने २९ ऑक्टोबरच्या. '२९ तारखेला रात्री एक वाजता' एवढंच वाचून काही जण चोवीस तास उशिरा बाहेर आले आणि त्यांना स्वच्छ, वाटोळा चंद्र दिसला. म्हणून मी कुणालाही वेळ सांगताना वाराची जोड देतो: 'शनिवारी रात्री जागायचं, घड्याळात रविवार लागलेला असेल.'

दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही हे थोडक्यात सांगतो, कारण 'खंडग्रास' या शब्दाचा उगमच तिथे आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. या दोन पातळ्या जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. आपल्या ज्योतिर्गणितात ते गणिताचे बिंदू म्हणूनच वापरले जातात. चंद्राला पृथ्वीची छाया झाकते हे आर्यभटांनी पाचव्या शतकाच्या अखेरीस स्वच्छ लिहून ठेवलंय, आणि कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहून ग्रहणं काढण्याचं गणित इतकं सुटसुटीत केलं की ज्या-कोटिज्यांची (साइन-कोसाइनची) गरजच उरली नाही. पौर्णिमेला चंद्र या बिंदूंपासून लांब असेल तर तो छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. बिंदूच्या अगदी जवळ असेल तर छायेत पूर्ण बुडतो, ते खग्रास. थोडा दूर असेल तर कडेने घासून जातो, ते खंडग्रास. गडद छायेला न शिवता तिच्याभोवतीच्या, सूर्य अर्धवटच झाकला जातो अशा विरळ छायेतून गेला तर छायाकल्प, जे बहुतेकांच्या नजरेत भरतसुद्धा नाही. हे तीन प्रकार साधारण एकतृतीयांश, एकतृतीयांश असे वाटलेले आहेत. खग्रास किंचित कमी. ग्रहणं होऊ शकतील असा काळ सुमारे १७३ दिवसांनी येतो, म्हणून ती साधारण सहा-सहा महिन्यांच्या अंतराने जोडीजोडीने दिसतात. या ऑगस्टमध्येच पाहा, १२ तारखेला स्पेन-आइसलंडकडे खग्रास सूर्यग्रहण आणि दोन आठवड्यांनी हे चंद्रग्रहण.

ग्रासमानाचा, म्हणजे चंद्र छायेत किती गेला ते सांगणारा, आकडाही फसवतो. कोजागरीच्या ग्रहणाचं ग्रासमान ०.१२ होतं. लोकांना वाटलं चंद्राचा १२ टक्के भाग झाकणार. ग्रासमान व्यासावर मोजतात, क्षेत्रफळावर नाही. प्रत्यक्षात बिंबाचा जेमतेम ६ टक्के भाग झाकला होता, दक्षिणेकडच्या कडेला कुणी नख लावल्यासारखा.

आता माझ्या आवडीची गोष्ट. ५ जुलै २००१ ला गुरुपौर्णिमेला खंडग्रास चंद्रग्रहण झालं, मध्य आपल्या रात्री ८:२५ ला, व्यासाचा निम्मा भाग छायेत. साताऱ्यात तेव्हा चंद्र ग्रहण घेऊनच उगवला होता. १८ वर्षं ११ दिवसांनी, १६ जुलै २०१९ च्या गुरुपौर्णिमेच्या रात्री, पुन्हा खंडग्रास. मध्य पहाटे तीनला आणि व्यासाचा ६५ टक्के भाग छायेत. आणखी १८ वर्षं ११ दिवस मोजा: २७ जुलै २०३७, पुन्हा खंडग्रास, ८१ टक्के, मध्य सकाळी ९:४० च्या सुमारास. ही एकाच कुळातली भावंडं आहेत. सूर्य, चंद्र आणि राहू-केतू १८ वर्षं ११ दिवस आणि वर काही तासांनी जवळपास जुन्याच मांडणीत येतात. 'जवळपास' म्हणतोय, कारण दर वेळी चंद्र छायेत थोडा आत सरकतो. आणि वरच्या त्या तासांमुळे पृथ्वी तेवढी फिरून गेलेली असते. म्हणूनच पहिलं ग्रहण संध्याकाळी, दुसरं पहाटे, आणि तिसऱ्याला आपल्याकडे सकाळ, म्हणजे ते हातचं गेलं. आजोबांनी पाहिलेल्या ग्रहणाचं भावंड नातवाला दिसेल की नाही, हे या तासांवर ठरतं.

तर आपल्याकडे पुढचं कधी? थोडं थांबावं लागणार आहे. २०२७ ची तिन्ही चंद्रग्रहणं छायाकल्प आहेत. त्यातलं २१ फेब्रुवारीच्या पहाटेचं बरं आहे; पावणेपाचला चंद्राच्या एका बाजूला धुरकट सावट दिसेल, पण ते शोधावं लागेल. १२ जानेवारी २०२८ चं खंडग्रास आपल्या सकाळी आहे, सोडून द्या. खरं आपलं ग्रहण ६ जुलै २०२८ चं. रात्री १०:४० च्या सुमारास स्पर्श, ११:५० ला मध्य, एकच्या सुमारास मोक्ष. व्यासाचा ३९ टक्के भाग छायेत आणि वेळ कुटुंबासह बसून पाहायला सोयीची. अडचण एकच, ती पुन्हा गुरुपौर्णिमाच आहे, म्हणजे ऐन आषाढ. त्यानंतर ३१ डिसेंबर २०२८ ला, सरत्या वर्षाच्या रात्री, खग्रास. त्याचा मध्य रात्री १०:२० च्या सुमारास आणि हवा थंड, कोरडी. खग्रासाच्या आधी आणि नंतर तासाभराची खंडग्रास अवस्था आपसूक मिळेल. मग १५ जून २०३० ला वटपौर्णिमेच्या रात्री खंडग्रास, मध्य मध्यरात्री बाराच्या ठोक्याला, निम्मा व्यास झाकलेला.

पावसाळ्यातल्या ग्रहणाला कोकण आणि घाटमाथा सोडून पूर्वेला सरका. २०१९ ला मी काही मुलांना घेऊन दहिवडीकडे गेलो होतो. माणदेशात पाऊस नसतो हे तिथल्या लोकांचं दुःख आहे, त्या रात्री आमच्या ते पथ्यावर पडलं. ढग तिथेही होते, पण फुटलेले. तीन तासांत मिळून चाळीसेक मिनिटं चंद्र दिसला असेल. तुम्ही साताऱ्याच्या आहात, २०२८ ला कास पठाराकडे जाऊ नका, म्हसवडचा रस्ता धरा.

आता तो झोपमोडीचा प्रश्न. खग्रासात चंद्र तांबूस होतो, फार देखणा दिसतो, मान्य. पण चंद्र पूर्ण आत बुडाला की छायेची कड नाहीशी होते. खंडग्रासात ती कड सारखी समोर असते. आणि ती कड म्हणजे आपण ज्या जमिनीवर उभे आहोत त्या पृथ्वीच्या सावलीचा काठ. तो नेहमी गोलाईचा असतो. चंद्र उगवता असो, डोक्यावर असो किंवा मावळता, आपल्या सावलीची कड कधी सरळ दिसत नाही. कुठूनही उजेड पाडला तरी गोलच सावली पडते असा आकार एकच, चेंडूचा. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात पृथ्वी गोल असल्याचा हाच पुरावा दिला होता, आणि तो पाहायला आजही साधे डोळे पुरतात.

मी मुलांकडून याच्याही पुढे एक गोष्ट करून घेतो, तुम्हीही कराच. कागदावर आमटीची वाटी उपडी ठेवून वर्तुळ काढा, आठ सेंटिमीटर व्यासाची वाटी असली तर उत्तम. हा चंद्र. स्पर्शानंतर दर दहा मिनिटांनी बाहेर बघा आणि छायेची कड वाटीच्या वर्तुळात जशी दिसते तशी आखा. अशी चार-पाच वर्तुळं झाली की घरातली ताटं, ताटल्या, डब्यांची झाकणं आणा आणि ती कमान कशाला लागून बसते ते पाहा. वाटी कमानीवर बसत नाही, मोठी पडते ती कमान. डब्याचं झाकणही लहान होतं. साधारण एकवीस सेंटिमीटरचं ताट ठेवलं की कड बरोब्बर जुळते. त्या क्षणी मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. वाटी आठ, ताट एकवीस: चंद्र जिथे आहे तिथे पृथ्वीची छाया चंद्राच्या सुमारे २.६ पट रुंद आहे, हे त्यांनी स्वयंपाकघरातल्या भांड्यांनी मोजलेलं असतं.

पुढची पायरी, पृथ्वी चंद्राच्या किती पट आहे हे काढण्याची, सामोसच्या ॲरिस्टार्कस या प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञाची. पृथ्वीची सावली शंकूसारखी निमुळती होत जाते, कारण सूर्य पृथ्वीपेक्षा मोठा आहे. किती निमुळती? खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची सावली पृथ्वीपर्यंत येता येता जवळजवळ टोकाला संपते, म्हणजे तेवढ्या अंतरात ती एका चंद्राएवढी आवळते. पृथ्वीची सावलीही चंद्रापर्यंत जाताना तेवढीच आवळत असणार. मग छाया २.६ चंद्रांएवढी, अधिक आवळलेला एक चंद्र: पृथ्वी चंद्राच्या सुमारे ३.६ पट. आजचं मोजमाप ३.६७ आहे. ॲरिस्टार्कसने स्वतः छाया चंद्राच्या दुप्पट धरली होती, म्हणून त्याचं उत्तर थोडं चुकलं. तुमच्या ताटाने ते जास्त बरोबर येतं. खग्रास अवस्थेत हे करता येत नाही. कड असेल तरच करता येतं.

बघायला जाताना फार सामान नको. चंद्रग्रहण साध्या डोळ्यांनी पाहणं पूर्ण सुरक्षित आहे. काळा चष्मा, एक्स-रे फिल्म यांचा इथे काही संबंध नाही, आणि सूर्यग्रहणाला एक्स-रे फिल्म तर मुळीच वापरू नये. साधी ७×५० किंवा १०×५० दुर्बीण असेल तर सोने पे सुहागा. स्पर्शाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच बाहेर या. चंद्राची पूर्वेकडची कड मळकट दिसू लागते, ती विरळ छाया. छायेची कड कधीच सुरीने कापल्यासारखी नसते, कारण सूर्य हा ठिपका नसून मोठं बिंब आहे, आणि शिवाय पृथ्वीला वातावरण आहे. रंगाची अपेक्षा ग्रासमान बघून ठेवा. निम्म्याहून कमी ग्रास असेल तर उजळ भागाच्या झगझगाटापुढे झाकलेला भाग नुसता काळा-करडा वाटतो. तीनचतुर्थांश ओलांडला की दुर्बिणीतून त्यात विटकरी छटा दिसते. मोबाइलने फोटो काढणार असाल तर चंद्रावर बोट ठेवून उजेड खाली ओढा, नाहीतर पांढरा ठिपका येईल. ९३ टक्क्यांच्या ग्रहणात तुमच्या मुलाला तो विटकरी रंग नक्की दिसेल.

आणि वेध. श्रद्धेने पाळायचे असतील तर तो प्रत्येकाच्या घरचा प्रश्न आहे. पण पंचांगाचा स्वतःचा नियमही हेच सांगतो की जिथे ग्रहण दिसत नाही तिथे ते पाळायचं नाही. २८ ऑगस्टला रक्षाबंधन आहे, राखी खुशाल बांधा. एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगतो. ग्रहणाने अन्न बिघडत नाही, आणि पोटातल्या बाळाला काही होत नाही. सावली पडते ती चंद्रावर, पावणेचार लाख किलोमीटरांवर. गरोदर बाईला पाण्याशिवाय, अन्नाशिवाय तासन् तास अंधाऱ्या खोलीत बसवणं हे मात्र खरोखर धोक्याचं आहे. २०१९ च्या त्या रात्री आमच्याबरोबर सात महिन्यांची गरोदर शिक्षिका होती. दर दहा मिनिटांनी कड तीच आखत होती.

मुलाला सांगा, २७ तारखेला रात्री साडेदहाला वाटी, ताट आणि कागद घेऊन अंगणात बसायचं. मध्य होईल तेव्हा, म्हणजे तुमच्या सकाळी पावणेदहाला, त्याला व्हिडिओ कॉल करा. फोनच्या कॅमेऱ्यात चंद्र नीट येणार नाही, पण त्याने आखलेला कागद येईल. ताट जुळलं का, एवढं विचारा.